जामिनांवर उभा समाज: प्राचीन आयर्लंडच्या कायद्याचा आढावा

सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये लोहाराने कुणाचे देणे थकवले, तर घेणेकरी त्याच्या भट्टीवर जाई आणि ऐरणीभोवती ओल्या फांदीचा पीळ बांधी. देणे फिटेपर्यंत त्या ऐरणीवर घण मारायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. वैद्याने देणे थकवले तर त्याचा घोड्याचा चाबूक आणि जखम तपासायची सळई बांधून ठेवली जाई. फांदीचा तो पीळ कोयत्याच्या एका फटक्यात तुटला असता, आणि तो तुटू नये म्हणून भट्टीवर कुणी शिपाई उभा नसे. तरीही जप्तीची ही रीत कायद्याच्या ग्रंथात नोंदवण्याइतकी रूढ होती.

हा कायदा आज ‘ब्रेहन कायदा’ म्हणून ओळखला जातो. ब्रेहन म्हणजे न्यायाधीश. त्याच्याबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. सोळाव्या शतकातल्या इंग्रज राज्यकर्त्यांना तो पैसे घेऊन खून माफ करणारा रानटी रिवाज वाटला. आजच्या अनेक लोकप्रिय पुस्तकांना तो स्त्रीपुरुष समतेचा आणि निसर्गरक्षणाचा सुवर्णकाळ वाटतो. मूळ ग्रंथ आणि त्यांवरचे गेल्या दीडशे वर्षांतले संशोधन पाहिले, तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. खरा प्रश्न वेगळाच आहे. सर्वांवर हुकूम चालवणारी राज्यसंस्था नाही, पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, अशा समाजात कायदा पाळला कसा गेला? आणि त्यासाठी त्या समाजाने कोणती किंमत मोजली?

ग्रंथ कोणते आणि कुणाचे

आपल्याकडे आलेले बहुतेक कायदेग्रंथ साधारण इ.स. ६५० ते ७५० या शंभर वर्षांत जुन्या आयरिश भाषेत लिहिले गेले. लॅटिनचा दबदबा असलेल्या युरोपात लोकभाषेत एवढा मोठा कायदेसंग्रह असणे, हीच मोठी गोष्ट आहे. त्यांतला सर्वांत मोठा संग्रह म्हणजे ‘सेन्खस मार’. त्यात जप्ती, जामीन, विवाह, आश्रितांचे करार, शेजारधर्म, मधमाश्या, पाण्याचे पाट अशा विषयांवर पन्नासच्या आसपास ग्रंथ आहेत. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात ‘ब्रेथा नेमेद’ नावाची दुसरी परंपरा होती. ती कवी, धर्मगुरू आणि विद्वान यांच्या हक्कांकडे अधिक लक्ष देते. इ.स. ७००च्या सुमाराचा ‘क्रीथ गब्लाख’ हा ग्रंथ समाजातल्या दर्जांची पायरी-पायरीने मांडणी करतो.

हे ग्रंथ कुण्या राजाने काढलेले फर्मान नव्हेत. ते विधिज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी रचले. त्यांत नियम आहेत, वर्गीकरणे आहेत, पाठ करायला सोपी तीन-तीनची आणि सात-सातची कलमे आहेत. खऱ्या खटल्यांच्या नोंदी मात्र जवळजवळ नाहीत. म्हणूनच ग्रंथातले किती प्रत्यक्षात होते आणि किती गुरूच्या मांडणीचा भाग होते, हा वाद अभ्यासकांमध्ये कायम चालू असतो.

घर, गायी आणि दर्जा

या समाजात शहरे नव्हती, नाणी पाडली जात नव्हती. देश लहान लहान राज्यांत विभागलेला होता. अशा राज्याला ‘तूअथ’ म्हणत. एका वेळी किमान दीडशे राजे असावेत, असा इतिहासकार एफ. जे. बर्न यांचा अंदाज आहे. सामान्य माणसाचे कायदेशीर अस्तित्व आपल्या तूअथच्या सीमेपर्यंतच असे. ती ओलांडली की तो परका ठरे. कवी, धर्मगुरू, विद्वान यांना मात्र देशभर मान होता.

संपत्ती गायींत मोजली जाई. ‘क्रीथ गब्लाख’ मधला लहान शेतकरी, म्हणजे ‘ओकारे’, याच्याकडे सात गायी आणि एक वळू, सात डुकरे, सात मेंढ्या आणि एक घोडा असावा. त्याचे घर १९ फुटांचे. नांगरात त्याचा वाटा पावच: एक बैल, एक फाळ, एक पराणी. बाकी तीन शेतकऱ्यांशी सावड केल्याशिवाय त्याची जमीन नांगरून होत नसे. धान्य वाळवायच्या भट्टीत, पाणचक्कीत आणि कोठारातही त्याचा वाटा असे. याच्या वरच्या पायरीवरच्या संपन्न शेतकऱ्याचे घर २७ फुटांचे, मागची खोली १७ फुटांची. त्याच्याकडे वीस गायी, दोन वळू, सहा बैल, वीस डुकरे आणि वीस मेंढ्या. त्याच्या घरात तीन पोती कायम भरलेली असावीत, असे ग्रंथ सांगतो: बिअरसाठी मोड आणलेल्या जवाचे, मिठाचे आणि अवजारे घडवायला लागणाऱ्या कोळशाचे.

हे आकडे इतके नीटनेटके आहेत की शंका यावी. पण उत्खननांनी या चित्राचा गाभा खरा ठरवला आहे. अँट्रिम परगण्यातल्या डियर पार्क फार्म्स येथे इ.स. ७००च्या सुमाराची कुडाची गोल घरे सापडली. त्यांतल्या काहींना मागे दुसरी, लहान गोल खोली जोडलेली होती. ग्रंथातली घर आणि मागची खोली ही जोडी तिथे प्रत्यक्ष दिसते. मातीचा गोल बांध घातलेल्या अशा वस्त्यांच्या ४०,०००हून अधिक खुणा आयर्लंडच्या जमिनीवर आजही ओळखता येतात. स्ट्रँगफर्ड खाडीतल्या नेंड्रम मठात भरतीच्या पाण्यावर चालणारी चक्की सापडली आणि तिच्या लाकडातल्या वर्तुळांवरून तिचा काळ इ.स. ६१९च्या आसपासचा ठरला. गिरणीच्या पाटाचे नियम लिहिणारे विधिज्ञ कल्पनेतल्या यंत्राबद्दल लिहीत नव्हते.

या समाजाचा कणा म्हणजे प्रत्येक स्वतंत्र माणसाचे ठरलेले मानमूल्य. त्याचा अपमान झाला, त्याच्या घरात कुणी आगळीक केली, त्याच्या आश्रयाला आलेल्याला कुणी मारले, तर अपराध्याला त्याचे हे मूल्य भरून द्यावे लागे. तूअथच्या राजाचे मानमूल्य सात ‘कुमल’. शेतकऱ्यांच्या दर्जांत ओकारेचे तीन ‘शेद’ (हे लहान एकक), त्याच्या वरच्या ‘बोआरे’चे पाच. पत्नीचे मानमूल्य पतीच्या निम्मे, मुलाचे बापाच्या निम्मे.

मानमूल्याला अपमानाच्या भरपाईपलीकडे आणखी मोठे काम होते. माणूस किती रकमेचा करार करू शकतो, किती रकमेला जामीन राहू शकतो, त्याची साक्ष कुणाच्या साक्षीपुढे टिकते, हे सगळे त्यावरून ठरे. वरच्या दर्जाच्या माणसाची शपथ खालच्याच्या शपथेवर मात करी. म्हणजे मानमूल्य हीच त्या माणसाची पत होती.

आणि ‘कुमल’ या एककाचा मूळ अर्थ गुलाम स्त्री. प्रत्यक्षात देणे गायींत किंवा चांदीत होई, पण हिशोबाचे मोठे एकक गुलाम बाईच्या नावाने चाले. गुलामांना स्वतःचे मानमूल्य नव्हते. गुलामाला इजा झाली तर भरपाई मालकाला मिळे. गुलामांच्या वर अर्धस्वतंत्र कुळे होती. तीच जमीन काही पिढ्या कसत राहिलेले कूळ जमिनीला कायमचे बांधले जाई. या कायद्याच्या सौंदर्याबद्दल बोलताना ही गोष्ट तळटीपेत टाकणे अन्यायाचे होईल.

जामीन, जप्ती आणि उंबऱ्यावरचा उपास

करार तोंडी होई, साक्षीदार आणि जामीन यांच्यासमोर. जामीन तीन प्रकारचे. पहिला, करार पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणारा. मोडणाऱ्याला तो आपल्या अब्रूच्या बळावर वठणीवर आणी. दुसरा, ऋणकोने दिले नाही तर आपल्या खिशातून देणारा. तिसरा, स्वतःला ओलीस ठेवणारा. ऋणको चुकला की याला घेणेकऱ्याच्या ताब्यात जावे लागे. जामिनाला तोशीस लागली, तर ज्याच्यामुळे लागली त्याच्याकडून तो व्याजासह भरपाई वसूल करी. रॉबिन चॅपमन स्टेसी यांनी १९९४च्या ‘द रोड टू जजमेंट’ या ग्रंथात आयर्लंड आणि वेल्समधल्या या संस्थेचा सविस्तर अभ्यास केला. त्यातून स्पष्ट होते, की न्यायनिवाड्याच्या आधी जामीनच समाज एकत्र धरून ठेवत होते.

जामीन अपुरा पडला तर जप्ती. तीही एकदम नाही. आधी नोटीस, मग मुदत, मग साक्षीदारांदेखत गुरे हाकून नेणे, मग ती कोंडवाड्यात ठेवणे, आणि तरीही देणे आले नाही तर ती टप्प्याटप्प्याने बुडीत जाणे. कोणत्या देण्याला एक दिवसाची मुदत, कोणत्याला तीन, पाच किंवा दहा दिवसांची, याच्या लांबलचक याद्या ‘सेन्खस मार’ मध्ये आहेत. प्रत्येक टप्प्यावर ऋणकोला सावरायला वाव होता, आणि भांडण हातघाईवर येण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मध्ये पडायला वेळ मिळत होता.

पण ऋणको राजा, कवी किंवा धर्मगुरू असेल तर? त्याची गुरे सरळ हाकून नेता येत नसत. त्याच्याविरुद्ध आधी ‘त्रोस्कद’ करावा लागे. घेणेकरी त्याच्या दारात उपाशी बसे, बहुधा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. तो बसलेला असताना घरधन्याने तारण न देता जेवण केले, तर देणे दुप्पट होई. योग्य तारण देऊ केल्यावरही उपास चालू ठेवणारा घेणेकरी आपला हक्क गमावी. उपासाला दाद न देणाऱ्या मोठ्या माणसाचे मानमूल्यच धोक्यात येई.

मराठी वाचकाला इथे धरणे आठवेल, आणि हा संबंध खरोखरच अभ्यासला गेला आहे. १८६२ ते १८६९ या काळात कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य असलेल्या हेन्री मेन यांनी १८७५च्या आपल्या ग्रंथात आयरिश उपास आणि हिंदुस्थानातले धरणे शेजारी ठेवून पाहिले. मराठी मुलखाशी जोडलेला पुरावाही आहे. टॉमस ब्राउटन याने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत म्हटले आहे, की खासगीतून दिलेले पन्नास हजार रुपये मुदतीत परत आले नाहीत, तेव्हा शिंद्यांनी आपल्या खजिनदाराला ते घेणाऱ्या पाटणकरांच्या तंबूपाशी धरणे धरायला पाठवले. इंग्रजी राज्याने पुढे देवाच्या कोपाची भीती घालणाऱ्या धरण्याला गुन्हा ठरवले. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये ते उदाहरण म्हणून आले. दोन्ही रिवाजांचे मूळ एकच होते, असे मेन यांच्या काळी सहज मानले जाई. आज अभ्यासक तसे छातीठोक सांगत नाहीत. पण दोन्हीकडचे तत्त्व सारखे आहे: ज्याच्यावर बळ चालत नाही, त्याला त्याच्या अब्रूने बांधायचे.

जखम, खून आणि आजाऱ्याची सोय

स्वतंत्र माणसाच्या खुनाची भरपाई सात कुमल. ती सर्व दर्जांना सारखी. तिच्याशिवाय मृताच्या नातलगांना त्यांच्या दर्जानुसार मानमूल्य द्यायचे. मारेकऱ्याकडे नसेल तर त्याच्या भाऊबंदांनी भरायचे. पणजोबा एक असलेल्या चार पिढ्यांच्या भाऊबंदकीला ‘देर्वफिने’ म्हणत. वडिलोपार्जित जमीन याच गटाची. तिच्यातला वाटा गटाच्या संमतीशिवाय विकता येत नसे. वाटणीत न्याय व्हावा म्हणून धाकट्या भावाने वाटे पाडायचे आणि थोरल्यापासून एकेकाने निवडायचे. या व्यवस्थेत सर्वांत भयंकर गुन्हा म्हणजे भाऊबंदाचा खून. भरपाई देणारे आणि घेणारे कुटुंब एकच असल्याने तिथे सगळी यंत्रणाच थांबे. असा मारेकरी जमिनीचा वाटा गमावी. प्रसंगी त्याला वल्ह्यांविना होडीत बसवून समुद्रात सोडून देत.

जखमेच्या बाबतीत ‘ब्रेथा डेन खेख्त’ हा वैद्यकीय ग्रंथ जखम धान्याच्या दाण्यांनी मोजायला सांगतो. राजा, बिशप आणि श्रेष्ठ कवी यांच्या जखमेला गव्हाचे दाणे लावायचे, आणि दर्जा उतरेल तसे मोठे दाणे घेत खाली वाटाणा आणि घेवड्यापर्यंत यायचे. दाणा लहान म्हणजे मोजणी जास्त, आणि म्हणून भरपाईही जास्त. शरीराची विषमता इतक्या बारकाईने मोजणारा दुसरा नियम माझ्या वाचनात नाही.

याच्या शेजारी ‘ब्रेथा क्रोलिगे’ ठेवावा. ज्याने जखम केली त्याने जखमीला तिसऱ्या माणसाच्या घरी नेऊन सांभाळायचे. वैद्य, अन्न, अंथरूण त्याने द्यायचे, आणि जखमीच्या शेतावर काम करायला बदली माणूसही. त्या घरात काय होऊ द्यायचे नाही, याची यादी आहे: कुत्र्यांची भांडणे नकोत, मुलांचा दंगा नको, आजाऱ्याला दचकवून उठवायचे नाही, त्याच्या अंथरुणावरून एकमेकांशी बोलायचे नाही. आजाऱ्याच्या शेजारी बसलेल्या कुणीतरी हे लिहिले आहे. काही स्त्रियांना असे दुसऱ्याच्या घरी हलवायचे नाही, त्यांना रोख भरपाई द्यायची, असेही तो ग्रंथ सांगतो. त्यांत तूअथची वैद्य असलेली बाईही येते. ‘क्रीथ गब्लाख’च्या काळापर्यंत ही प्रथा जुनी झाली होती आणि तिच्या जागी ठरावीक रक्कम आली होती.

लग्न, स्त्री आणि लोकर

स्त्रियांच्या स्थितीबद्दल ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत, आणि म्हणूनच त्यांतून सोयीचे तेवढे उचलणे सोपे जाते. एका जुन्या ग्रंथानुसार स्त्रीला स्वतःच्या अधिकारात करार करता येत नाही: मुलगी असताना बाप, पत्नी असताना पती, विधवा झाल्यावर मुलगे तिच्यावर लक्ष ठेवतात. मनुस्मृती वाचलेल्याला हा क्रम ओळखीचा वाटेल.

पण इ.स. ७००च्या सुमाराचा ‘कान लानवना’ वेगळी सृष्टी दाखवतो. दोघांनीही संपत्ती आणली आहे, फक्त नवऱ्याने आणली आहे, फक्त बायकोने आणली आहे, असे स्त्रीपुरुष-संबंधांचे अनेक प्रकार तो करतो. समान संपत्तीच्या लग्नात एकाने केलेला नुकसानीचा करार दुसरा रद्द करू शकतो. काडीमोड झाली तर वाटणी कशी करायची, याचा हिशोब श्रमावर बसवलेला आहे. गुरांची वाढ वाटताना जमिनीचा वाटा, गुरांचा वाटा आणि राबणुकीचा वाटा वेगळा धरायचा. लोकरीत बायकोचे काम जसे पुढे जाईल तसा तिचा हिस्सा वाढतो: नुसत्या कातरलेल्या लोकरीत सहावा, पिंजून विंचरलेल्या लोकरीत तिसरा आणि विणून झालेल्या कापडात निम्मा. घरातल्या बाईच्या हातांना ठोस किंमत देणारा हा नियम आठव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे. नवऱ्याने मारून तोंडावर वण उठवला, तिची खोटी बदनामी केली, शेजघरातल्या गोष्टी बाहेर सांगितल्या किंवा तो नपुंसक असला, तर ती त्याला सोडू शकत होती.

बहुपत्नीत्वही होते. चर्चने आक्षेप घेतल्यावर ‘ब्रेथा क्रोलिगे’च्या कर्त्याने जुन्या करारातल्या कुलपतींना अनेक बायका होत्या, याचा दाखला दिला. त्याच कायद्यात सवत घरात आली, की पहिल्या तीन दिवसांत पहिल्या बायकोने तिला जिवानिशी न मारता इजा केली तर दोष नव्हता. समतेचा सुवर्णकाळ शोधणाऱ्यांनी हेही वाचावे.

मुलेही जामिनांच्या या जाळ्यातच वाढत. लहानपणीच मुलाला दुसऱ्या घरी वाढवायला देत. पालनाचा मोबदला बापाच्या दर्जाप्रमाणे: ओकारेच्या मुलासाठी तीन शेद, राजाच्या मुलासाठी तीस. शेतकऱ्याच्या मुलाला मेंढरे राखणे आणि लाकडे फोडणे शिकवायचे, सरदाराच्या मुलाला घोडेस्वारी, पोहणे आणि पटावरचा खेळ. मुलींना दर्जाप्रमाणे जाते आणि कणीक, नाहीतर शिवण आणि भरतकाम. या पालकभावंडांचे नाते पुढे लढाईत आणि राजकारणात रक्ताच्या नात्याइतके उपयोगी पडे.

शेजारी, झाडे आणि मधमाश्या

शेजारधर्माचे नियम वाचताना हा कायदा सर्वांत जिवंत वाटतो. गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली तर भरपाई किती, कुंपण कसे असावे, हे ठरलेले होते. २८ झाडे चार गटांत वाटलेली होती. पहिल्या गटात ओक, हेझल, हॉली, यू, ॲश, पाइन आणि सफरचंद. यांतले झाड शेजाऱ्याच्या जमिनीवर तोडले तर दोन दुभत्या गायी दंड, दुसऱ्या गटासाठी एक. ओकची फळे डुकरांचे खाद्य, हेझलचे दाणे माणसांचे, ॲशचे लाकूड भाल्यांना. मान ठरवला तो उपयोगावरून.

पाणचक्कीचा पाट शेजाऱ्याच्या जमिनीतून न्यायचा तर त्याला अडवता येत नसे. पण त्याला मोबदला किंवा चक्कीवर दळण्याची पाळी द्यावी लागे. सातव्या शतकातला ‘बेखब्रेथा’ मधमाश्यांना शेतात शिरणाऱ्या गुरांचाच नियम लावतो: तुमच्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, म्हणून पुढे त्यालाही नवे मोहोळ मिळाले पाहिजे. याच ग्रंथात अल्स्टरच्या काँगल केख राजाच्या डोळ्यात माशीने डंख मारल्याची गोष्ट येते. डोळा गेला म्हणून त्याचे तारा येथले राजेपद गेले, कारण शरीराने सदोष माणूस राजा राहू शकत नसे. इ.स. ६३७ साली हाच काँगल ‘मग रोथ’च्या लढाईत मारला गेला.

राजा, न्यायाधीश आणि चर्च

राजाही नियमांत होता. ‘क्रीथ गब्लाख’ त्याच्या आठवड्याचा क्रम देतो: रविवारी मद्यपान, सोमवारी आणि शनिवारी निवाडे, मध्ये पटाचा खेळ, शिकारी कुत्री आणि घोड्यांच्या शर्यती. राजाने कुदळ, कुऱ्हाड किंवा मोगरी हातात घेऊन काम केले, तर त्या वेळी त्याला सामान्य माणसाचेच मानमूल्य. लढाईत पळाला किंवा आतिथ्य नाकारले तरी तो घसरे. राजा सत्याने वागला तर धान्य पिकते, गायी दूध देतात, हे सातव्या शतकातल्या राजनीतीच्या उपदेशग्रंथाचे सूत्र होते. कवीची निंदा म्हणूनच खरे शस्त्र ठरे.

न्यायाधीशाला निवाडा देण्याआधी स्वतः पाच औंस चांदीचे तारण ठेवावे लागे. चुकीचा निवाडा दिला तर त्यालाही दंड होता. त्याचा दर्जा विद्येवर अवलंबून असे. रूढ कायदा, काव्य आणि चर्चचा कायदा असे तिन्ही जाणणारा सर्वांत वर. निवाडा मोडणाऱ्याला शिक्षा करणारा शिपाई त्याच्याकडे नव्हता. त्याचे शस्त्र म्हणजे त्याची विद्या आणि त्याची पत.

चर्चनेही हीच यंत्रणा वापरली. इ.स. ६९७ साली आयोना बेटावरच्या मठाचे प्रमुख अडोम्नान यांनी बिर येथल्या परिषदेत स्त्रिया, मुले आणि धर्मगुरू यांना लढाईतल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा संमत करून घेतला. त्याच्या पाठीशी ९१ राजे आणि धर्मप्रमुख जामीन म्हणून उभे राहिले. युद्धात निःशस्त्रांचे रक्षण करणाऱ्या युरोपातल्या सर्वांत जुन्या कायद्यांपैकी हा एक आहे, आणि तोही जामिनांच्याच बळावर उभा होता.

किती प्राचीन, किती ख्रिस्ती

अभ्यासकांत सर्वांत मोठा वाद इथेच झाला. डॅनियल बिंची यांच्या पिढीला या ग्रंथांत ख्रिस्तपूर्व इंडो-युरोपीय समाजाचे जीवाश्म दिसले. चर्चचा लेप वरवरचा, असे त्यांचे मत. १९८४ साली डॉनखा ओ कोरॉन, लिअम ब्रेहनाख आणि एडन ब्रीन यांनी दाखवून दिले, की ‘ब्रेथा नेमेद’ मधले काही उतारे लॅटिन चर्चकायद्याचे थेट भाषांतर आहेत. विधिज्ञ चर्चच्या शाळांत शिकलेले, बायबल जाणणारे होते. ‘सेन्खस मार’ची प्रस्तावना तर सांगते, की संत पॅट्रिक यांनी राजा लोगरेच्या काळात जुना कायदा तपासून शुद्ध केला. ती दंतकथा आहे; पण जुना कायदा आणि नवा धर्म यांचा मेळ झाला आहे, हे ठासून सांगण्याची गरज विधिज्ञांना वाटली, एवढे तिच्यातून कळते. मला वाटते, दोन्ही बाजूंच्या पुराव्याने एकच गोष्ट पक्की होते: हे लोक जुने सांभाळणारेही होते आणि नवे घडवणारेही. जीवाश्म मानून आपण त्यांच्या बुद्धीवर अन्याय करतो.

अंत आणि पुनर्शोध

११६९ साली नॉर्मन आले. १३६६च्या किल्केनीच्या अधिनियमांनी इंग्रज वसाहतवाल्यांना ब्रेहन कायदा वापरायला बंदी केली. पण गेलिक मुलखात तो सोळाव्या शतकापर्यंत चालत राहिला आणि मॅक ईगन, ओ’डॅव्हरन अशी विधिज्ञ घराणी जुन्या पोथ्या नकलून शिकवत राहिली. १३५० साली, युरोपभर प्लेग थैमान घालत असताना, विशीतला एय मॅक ईगन नाताळच्या रात्री आपल्या वडिलांच्या कायद्याच्या पोथीत या रोगातून वाचवण्याची प्रार्थना लिहून गेला. ‘सेन्खस मार’ची ती पोथी आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे.

१६०६ आणि १६०८ च्या निवाड्यांनी आयरिश वारसापद्धती बेकायदा ठरली. त्यांमागचा मुख्य सूत्रधार, महाधिवक्ता जॉन डेव्हिस, याने १६१२ साली स्वतःच लिहिले, की निष्पक्ष न्यायाची आयरिश लोकांइतकी ओढ असलेले दुसरे लोक नाहीत. ज्याने त्यांचा कायदा संपवला, त्याचीच ही साक्ष.

पोथ्या वाचता येणारे हळूहळू संपले. १८५२ नंतर सरकारी आयोगाच्या वतीने जॉन ओ’डोनोव्हन आणि यूजीन ओ’करी यांनी हजारो पाने नकलून भाषांतरित केली; छापील खंड १८६५ पासून १९०१ पर्यंत निघाले, पण दोघेही पहिला खंड बाहेर येण्यापूर्वीच वारले. भाषांतरात चुका खूप होत्या. त्या दाखवणाऱ्यांत पुढे होते डब्लिनचे व्हिटली स्टोक्स, ज्यांनी हिंदुस्थानात कायदा सदस्य म्हणून दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितांवर काम केले आणि तिथे असतानाच जुने आयरिश ग्रंथ कलकत्ता आणि सिमल्याला छापून घेतले. १९७८ साली बिंची यांनी सर्व मूळ संहिता सहा खंडांत, २,३००हून अधिक पानांत प्रसिद्ध केल्या; १९८८ साली फर्गस केली यांच्या मार्गदर्शक ग्रंथाने ते दालन सर्वांना उघडले. स्वतंत्र आयर्लंडच्या न्यायालयांतही हा कायदा एकदा कामी आला: १९३०च्या दशकात अर्न नदीच्या मुखाशी मासे धरण्याच्या हक्कावरून झालेल्या खटल्यात तिथे पूर्वी ब्रेहन कायदा चालत असल्याचा पुरावा तपासला गेला आणि कोळ्यांच्या बाजूने निकाल लागला. संहितेतला बराच भाग मात्र आजही चांगल्या आधुनिक भाषांतराची वाट पाहतो आहे.

उत्तर काय

शिपायावाचून कायदा चालला, कारण प्रत्येक शब्दामागे कुणीतरी उभा होता: जामीन, भाऊबंद, धनी, पालक. माणूस एकटा नव्हता, म्हणून तो मोकाटही नव्हता. शिक्षेऐवजी भरपाई, तुरुंगाऐवजी शुश्रूषा, हुकमाऐवजी मुदत आणि मध्यस्थी, या गोष्टी आजच्या कायदेपंडितांनीही गांभीर्याने शिकाव्यात अशा आहेत. पण ज्या पत-अब्रूवर हे सगळे चाले, ती जन्माने, लिंगाने आणि गायींच्या संख्येने वाटलेली होती. ज्याच्यामागे उभे राहणारे कुणी नव्हते, त्या गुलाम बाईला, जमिनीला बांधलेल्या कुळाला, सीमेपलीकडून आलेल्या परक्याला या कायद्यात जवळजवळ जागाच नव्हती. आधुनिक राज्याने प्रत्येकाच्या मागे उभे राहण्याचे वचन दिले, ते याच उणिवेला उत्तर म्हणून मोलाचे आहे. ते वचन पाळले जाते का, हे तपासताना प्राचीन आयर्लंडचा विधिज्ञ विचारी तोच प्रश्न आपणही विचारावा: या माणसाला जामीन कोण?